मवाळ शब्दांची लबाडी

खेळात बाद झालेला गडी मैदान सोडायला तयार नसला, की आजची मराठी पोरे 'चीटिंग, चीटिंग' म्हणून गिल्ला करतात. हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की तो कोण्या काळी एका महसुली दफ्तरात जन्माला आला असेल, अशी शंका येण्याचे कोणाला कारण नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सर्व भूमीचा अंतिम धनी राजा, अशी सरंजामी कायद्याची धारणा होती. सबब एखादा जमीनदार निर्वंश मरण पावला, किंवा घोर अपराधाबद्दल दोषी ठरला, म्हणजे त्याची जमीन वरिष्ठ सरंजामदाराकडे अथवा थेट राजाकडे जात असे. या प्रकाराला 'एस्चीट' ही संज्ञा होती, आणि राजाच्या वतीने अशा मिळकतींची चौकशी करून त्या सरकारजमा करणाऱ्या अंमलदाराला 'एस्चीटर' म्हणत. या अंमलदारांच्या जुलमामुळे आणि हडपेगिरीमुळे त्यांचा हुद्दा रयतेत इतका बदनाम झाला की त्याच्या नावाचा आरंभ गळून 'चीट' एवढाच अवशेष उरला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याला लबाडीने लुबाडण्याचा अर्थ कायमचा चिकटला. शेक्सपियरच्या 'मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर' या नाटकातला फॉलस्टाफ दोन सधन गृहिणींकडून पैसा उकळण्याचा आपला बेत सांगताना या दोन्ही अर्थांवर श्लेष करतो. त्या काळच्या प्रेक्षकाला सरकारी अंमलदार आणि भामटा हे दोघे एकाच शब्दात दिसत होते, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

या संज्ञेमागच्या तत्त्वाची झळ महाराष्ट्रालाही लागलेली आहे. साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक लॉर्ड डलहौसीच्या सरकारने नामंजूर केला आणि १८४८ साली ते संस्थान खालसा झाले; १८५४ साली झाशी आणि नागपूर ही संस्थानेही त्याच तत्त्वाखाली गेली. त्या वेळी वापरलेला 'लॅप्स' हा शब्द 'एस्चीट'च्याच कुळातला होता, आणि वारस कोणाला म्हणावयाचे हे ज्याने ठरवावयाचे त्यालाच वारस नसल्याचा लाभ व्हावयाचा, ही दोहोंतील खोच एकच होती. भारतीय संविधानाच्या २९६ व्या अनुच्छेदात बेवारस मालमत्तेच्या संदर्भात हे दोन्ही शब्द आजही शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यात गैर काही नाही, कारण बेवारस मालमत्तेची व्यवस्था कोणत्याही राज्याला लावावीच लागते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की 'एस्चीट' हे नाव राज्यकर्त्यांनी दिले आणि 'चीट' हे नाव रयतेने दिले.

इंग्रजी भाषेतील फसवणुकीच्या शब्दांचा इतिहास चाळू लागले, म्हणजे रयतेची अशी सरशी फार क्वचित झालेली आढळते. हा शब्दसंग्रह अवाढव्य आहे. परंतु शब्द वाढण्याचे कारण इंग्रज माणूस इतरांहून अधिक लबाड आहे हे नसून, लबाडीचे धंदे, तिची साधने आणि तिला बसणारे शिक्षेचे नियम जसजसे वेगळे होत गेले, तसतशी नावेही वेगळी होत गेली, हे आहे. या नावांना एक शिरस्ता मात्र लागू पडतो. फसवणारा रस्त्यावरचा असेल तर शब्द उघडा आणि झोंबणारा असतो. तो व्यापारी पेढीवर बसलेला असेल तर शब्द विनोदी किंवा तांत्रिक होतो. आणि तो मंत्रिपदावर किंवा सचिवपदावर असेल तर शब्द इतका गुळगुळीत होतो की फसवणूक झाली, यापेक्षा भाषेची काहीशी गैरसोय झाली, असाच ऐकणाऱ्याचा ग्रह व्हावा.

आरंभ रस्त्यापासून करणे योग्य. रॉबर्ट ग्रीन या एलिझाबेथकालीन लेखकाने १५९१ आणि १५९२ या दोन वर्षांत लंडनच्या भामट्यांविषयी काही पुस्तिका लिहिल्या, आणि त्यांत त्यांच्या टोळीची अंतर्गत परिभाषा चव्हाट्यावर मांडली. खेड्यातून शहरात आलेला भोळा शेतकरी हा या टोळीच्या भाषेत 'कोनी', म्हणजे ससा. त्याची ओळख काढून त्याला मद्यगृहात आणणारा 'सेटर', त्याच्याशी पत्ते खेळणारा 'व्हर्सर', आणि आपण सहज आत डोकावलो असे भासवून डावात सामील होणारा तिसरा गडी तो 'बार्नेकल'. सशाजवळून जिंकलेल्या पैशाला ही मंडळी 'पर्चेस', म्हणजे खरेदी, असे सभ्य नाव देत. चारशे वर्षांपूर्वीची ही कार्यविभागणी वाचताना रेल्वे स्थानकाच्या आवारात पत्त्यांचा डाव मांडून बसलेल्या आणि प्रेक्षकांत आपलीच माणसे पेरणाऱ्या टोळ्या कोणाही मराठी वाचकास आठवतील.

सशाप्रमाणेच या शब्दसंग्रहात पक्ष्यांचीही मोठी वस्ती आहे. टॉमस डेकर याने १६०९ साली लिहिलेल्या उपरोधिक पुस्तकाच्या नावातील 'गल' म्हणजे सहज फसणारा तरुण, आणि त्यावरूनच पुढे 'गलिबल' हे विशेषण रूढ झाले. 'ड्यूप' हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी हुदहुद पक्ष्याचे फ्रेंच नाव आहे, कारण डोक्यावर तुरा मिरवणारा हा पक्षी लोकांना मूर्ख वाटे. 'पिजन', म्हणजे कबूतर, हेही जुगाऱ्यांच्या बोलीत लुबाडल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाचेच नाव. आणि 'डिकॉय' हा शब्द रानबदके पकडण्याच्या डच पिंजऱ्यावरून आलेला. डोळ्यांवर टोपी ओढणे या मूळ अर्थाचा 'हुडविंक' हा शब्दही ससाण्याच्या डोक्यावर चढवावयाच्या टोपीची आठवण करून देतो. हे सारे शब्द शिकाऱ्याच्या बाजूने घडलेले आहेत. त्यांत सावजाच्या दुःखाला जागा नाही, आहे ती केवळ त्याच्या बावळटपणाला. आणि फसला गेलेला मनुष्य पोलिसांत जाण्यापूर्वी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हसण्यालाच अधिक भितो, याची जबाबदारी काही अंशी अशा शब्दांवरही टाकली पाहिजे. मराठीने या बाबतीत फार शहाणपणा दाखवला आहे असे नाही, कारण आपणही भोळ्या माणसाचा 'बकरा' करतो, त्याला 'गिऱ्हाईक' म्हणतो आणि वेळप्रसंगी त्याचा 'मामा' बनवतो. येथे एक मौजेचे साम्य असे, की 'कोझन', म्हणजे नात्याचा बहाणा करून फसवणे, हा जुना इंग्रजी शब्द चुलतभावंडाच्या नावावरून आला असावा, असे अनेक कोशकार मानतात. आपुलकीचे नाते लावून गळा कापण्याची विद्या दोन्ही देशांत सारखीच जुनी असली पाहिजे.

अठराव्या शतकात या रांगड्या शब्दांच्या जोडीला गमतीदार शब्दांची एक लाट आली. 'टॅटलर' या नियतकालिकाच्या २८ सप्टेंबर १७१० च्या अंकात जोनाथन स्विफ्ट याने भाषेच्या भ्रष्टतेबद्दल जी फिर्याद मांडली, तिच्यात 'बॅम्बूझल' हा शब्द आरोपींच्या पिंजऱ्यात उभा केलेला आहे. स्विफ्टचा खटला फेटाळला गेला आणि 'बॅम्बूझल' आजतागायत सुखरूप आहे. शतकाच्या मध्यास 'हम्बग' आला, अखेरीस 'होक्स' आला, आणि तो जादूगारांच्या 'होकस पोकस' या निरर्थक मंत्राचा संक्षेप असावा असे मानतात. या शब्दांत फसवणुकीचा एक खेळकर, जवळजवळ करमणुकीचा सूर आहे. फिनिअस बार्नम या अमेरिकन तमासगिराने माकडाचे धड आणि माशाची शेपटी जोडून तयार केलेली 'फिजीची जलपरी' १८४२ साली न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून दाखवली, आणि पुढे १८६५ साली 'हम्बग' याच विषयावर एक ग्रंथ लिहून असा युक्तिवाद केला, की गिऱ्हाइकाला जाहिरातीने आत ओढून नंतर त्याच्या पैशाचा पुरता मोबदला देणारा तो 'हम्बग', आणि मोबदलाच न देणारा तो 'स्विंडलर'. आपल्या धंद्यासाठी सोयीचा अर्थ स्वतःच ठरवून घेणारा हा मनुष्य पुढच्या शतकातील जाहिरातदारांचा आद्यगुरू म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कमध्येच १८४९ सालच्या जुलै महिन्यात विल्यम टॉम्प्सन नावाच्या एका इसमास अटक झाली. सुरेख पोशाख करून तो रस्त्यात एखाद्या सद्गृहस्थाला गाठी, जुनी ओळख असल्याप्रमाणे दोन गोष्टी बोले, आणि उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्यापाशी ठेवण्याइतका तुमचा माझ्यावर विश्वास आहे काय, असे विचारी. पुष्कळांचा तो असे, आणि घड्याळ जाई. 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राने त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटले, तेच नाव आखडून 'कॉन मॅन' झाले, आणि १८५७ साली हर्मन मेलव्हिलने त्याच नावाची कादंबरी लिहिली. त्या अटकेनंतर थोड्याच दिवसांत त्याच वृत्तपत्राने उपरोधाने एक लेख लिहिला, आणि घड्याळे उपटणारा हा दरिद्री भामटा तुरुंगात आणि वॉल स्ट्रीटवर हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर करणारे महाभाग मात्र वाड्यांत, अशी तुलना करून टॉम्प्सनचा खरा अपराध कमी रकमेचा धंदा करणे हाच होता, असे सूचित केले. पुढे १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी याने आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांच्या व्यापाराचे नाव पुढे करून पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफ्याचे आमिष दाखवले, आणि नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांची देणी भागवली. काही महिन्यांत तो डोलारा कोसळला, परंतु त्याचे नाव एका संपूर्ण पद्धतीला मिळाले. येथे शब्दाचा एक दोष उघड होतो. पद्धतीला एका माणसाचे नाव दिले, म्हणजे ती त्या माणसापुरतीच होती असा समज पसरतो, आणि दुसरा कोणी वेगळ्या नावाने तीच योजना घेऊन आला, की लोक निर्धास्तपणे पुन्हा रांग लावतात.

खोट्या वस्तूंचे शब्द याहून प्रामाणिक आहेत. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात टाकून, ती आपल्याला याच क्षणी सापडली असे भासवून, वाटसरूला 'निम्म्या किमतीत' विकण्याच्या युक्तीला लंडनचे भामटे आयरिश भाषेतील अंगठीच्या शब्दावरून 'फॉनी' म्हणत, आणि आजचा 'फोनी' बहुधा तिथूनच आला. 'बोगस' हा शब्द १८२७ साली ओहायो राज्यात खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला उद्देशून वापरलेला आढळतो. हे यंत्र केव्हाच मोडीत निघाले, परंतु त्याचे नाव महाराष्ट्रात इतके स्थायिक झाले आहे की बोगस मतदार, बोगस डॉक्टर आणि पेरणीच्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या कपाळी येणारे बोगस बियाणे, यांना दुसरे नाव शोधावे असे कोणाला वाटत नाही.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. 'ठग' हा आपला शब्द संस्कृतातील 'स्थग' या लपवण्याच्या अर्थाच्या धातूशी संबद्ध असून, प्रवाशांशी मैत्री जोडून, त्यांच्या मुक्कामात राहून, विश्वास बसल्यावर रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांना तो लागू झाला. विल्यम स्लीमनच्या मोहिमेमुळे, १८३६ च्या ठगीविरोधी कायद्यामुळे आणि निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरच्या १८३९ च्या कादंबरीमुळे तो विलायतेत घरोघर पोहोचला. परंतु समुद्र ओलांडताना त्यातील कपट गळून पडले, आणि इंग्रजीत 'थग' म्हणजे केवळ दांडगा गुंड एवढाच अर्थ उरला. मराठीत मात्र ठकवणे हे अजूनही बुद्धीचे काम आहे, आणि भारतीय दंडसंहितेच्या मराठी भाषांतरात 'चीटिंग'साठी 'ठकवणूक' हा शब्द योजून आपल्या भाषांतरकारांनी तो सन्मान राखला आहे.

इथवरच्या शब्दांत निदान खोटे हे खोटे तरी होते. याहून अवघड प्रांत आहे तो अक्षरशः खरे बोलून दिशाभूल करण्याचा, ज्याला आपण 'नरो वा कुंजरो वा' म्हणतो. इंग्लंडच्या संसदेची इमारत राजासकट उडवून देण्याचा १६०५ सालचा कट फसल्यावर हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मोपदेशकावर खटला चालला, आणि त्यात 'इक्विव्होकेशन' हा शब्द सर्वतोमुखी झाला. छळाच्या काळात प्रश्नाला द्व्यर्थी उत्तर देणे, किंवा वाक्याचा अर्धा भाग मोठ्याने उच्चारून उरलेला मनात पुरा करणे, हे असत्य नव्हे, असे त्या पंथातील काहींचे प्रतिपादन होते. गार्नेटला १६०६ साली फाशी झाली, आणि 'मॅक्बेथ' नाटकातील द्वारपालाच्या तोंडी त्या शब्दाची टवाळी अमर झाली. एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, की ही युक्ती ज्यांनी वापरली त्यांच्या मानेवर कुऱ्हाड होती. जिवाच्या भीतीने धर्मगुरूने केलेल्या द्व्यर्थी भाषणाला जगाने शिवी बनवले, आणि कोणत्याही भीतीविना केलेल्या त्याच प्रकारच्या भाषणाला पुढे राजनैतिक कौशल्य म्हटले.

व्यापाराने या प्रांतात 'पफ' या शब्दाची भर घातली. शेरिडनच्या १७७९ सालच्या 'द क्रिटिक' या नाटकात 'पफ' याच नावाचे एक पात्र जाहिरातबाजीच्या फुगवटीचे पाच प्रकार शास्त्रोक्त पद्धतीने समजावून देते. पुढे हा विनोदी शब्द न्यायालयात बचाव म्हणून उभा राहिला. इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या दिवसांत, १८९१ साली, 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाचे औषधी यंत्र विकणाऱ्या एका लंडनच्या कंपनीने अशी जाहिरात दिली, की हे यंत्र सूचनेप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला शंभर पौंड देण्यात येतील, आणि आमच्या सचोटीची साक्ष म्हणून एक हजार पौंड बँकेत ठेवलेले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी यंत्र विकत घेतले, दिवसातून तीनदा कित्येक आठवडे वापरले, आणि जानेवारी १८९२ मध्ये त्यांना इन्फ्लुएन्झा झालाच. पैसे मागताच कंपनीने सांगितले, की ही नुसती 'पफ' होती, ती मनावर घ्यावयाची नसते. अपील न्यायालयाने विचारले, मग बँकेत हजार पौंड कशासाठी ठेवले? बाईंना शंभर पौंड मिळाले, आणि भारतातील विधिमहाविद्यालयांत करारकायद्याचा अभ्यास आजही याच निकालापासून सुरू होतो.

याच काळातील दुसरा एक खटला मात्र वेगळ्या दिशेने गेला. प्लिमथ येथील एका ट्रॅमवे कंपनीच्या संचालकांनी आपल्या माहितीपत्रकात वाफेच्या बळावर गाड्या चालवण्याचा हक्क कंपनीला आहे असे छापले; वस्तुतः त्यासाठी सरकारी व्यापारमंडळाची अनुमती लागत होती, ती मिळाली नाही, कंपनी बुडाली, आणि भागधारकाचा पैसा गेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८९ साली असा निर्णय दिला, की संचालकांचा स्वतःच्या विधानावर प्रामाणिक विश्वास होता, सबब त्याला 'फ्रॉड' म्हणता येणार नाही. या निकालाने व्यापारी जगतात अशी खळबळ उडाली, की पुढच्याच वर्षी संसदेला संचालकांच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्या १८७२ च्या करारकायद्यातही सतराव्या कलमात 'फ्रॉड' आणि अठराव्या कलमात 'मिसरिप्रेझेंटेशन' अशी दोन वेगळी घरे आहेत. पहिल्यात हेतू दुष्ट असतो, दुसऱ्यात विधान चुकीचे असले तरी हेतू निष्कपट असतो. हा भेद न्याय्य आहे, कारण चुकलेल्या माणसाला चोराची शिक्षा देणे कोणालाही रुचणार नाही. अडचण अशी, की चोराला ही गोष्ट लवकर कळते, आणि तो नेहमी चुकलेल्या माणसाच्या घरात आसरा शोधतो. मुदतठेव ठेवावयास आलेल्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाच्या गळ्यात वीस वर्षांची विमा पॉलिसी बांधली, तर त्या कृत्याला बँकांच्या आणि विमाकंपन्यांच्या दरबारी 'मिस-सेलिंग' म्हणतात; जणू विक्री नीटच चालली होती आणि वाटेत तिला ठेच लागली.

राजकारणात हा मवाळपणा कळसाला पोहोचतो. ब्रिटिश संसदेत सहसभासदाला खोटारडा म्हणण्याची मनाई आहे, आणि आपल्या लोकसभेतही असे शब्द कामकाजातून वगळले जातात. विन्स्टन चर्चिल यांनी १९०६ साली ट्रान्सवालमधील चिनी मजुरांच्या प्रश्नावर बोलताना, त्या मजुरीला गुलामगिरी म्हणणे ही 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' ठरेल, अशा आशयाचे विधान केले. त्यांना तेव्हा शब्दयोजनेतील अनिश्चितताच अभिप्रेत होती, परंतु ते लांबलचक पद पुढे असत्याचे सभ्य टोपणनाव म्हणून गाजले. याहून बोधप्रद प्रसंग १९८६ सालचा. एका माजी गुप्तहेराचे पुस्तक थांबवण्यासाठी ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलियात दावा लावला असता, मंत्रिमंडळाचे सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग सिडनीच्या न्यायालयात साक्षीस उभे राहिले. त्यांच्या एका पत्रातून चुकीची समजूत होत होती हे त्यांनी मान्य केले, परंतु ते असत्य होते हे मात्र मान्य केले नाही. या दोहोंत फरक तो काय, असे उलटतपासणीत माल्कम टर्नबुल यांनी विचारताच ते म्हणाले, की तो सत्याच्या बाबतीत काटकसर करण्याचा प्रकार असावा. हेच टर्नबुल पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनीही १९९८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रापुढे आपल्या उत्तरांना कायद्याच्या दृष्टीने अचूक ठरवून, आपण लोकांची दिशाभूल केली एवढेच कबूल केले. 'लाय' या चार आण्यांच्या शब्दाऐवजी 'मिसलीड' वापरले, की अपराधाचा अर्धा भार ऐकणाऱ्याच्या समजुतीवर ढकलता येतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

आश्चर्याची गोष्ट अशी, की ज्या कायद्याच्या भाषेला आपण क्लिष्ट म्हणून नावे ठेवतो, तीच या बाबतीत सर्वांत सरळ आहे. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेल्या आणि १८६० साली मंजूर झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या ४१५ व्या कलमात ठकवणुकीची व्याख्या करून, वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे लपवणे हीसुद्धा फसवणूकच होय, असे स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्याखालील दृष्टांतांत खोटा नमुना दाखवून माल विकणारा आहे, हिरे नसलेले खडे हिरे म्हणून गहाण ठेवणारा आहे, आणि आपण सरकारी सेवेत आहोत असे भासवून उधारी उचलणारा तोतयाही आहे. याच संहितेचे ४२० वे कलम सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे. त्याचा आकडा भारतीय भाषांत विशेषण बनला, १९५५ साली चित्रपटाच्या शीर्षकात चढला, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेत त्या कलमाला ३१८ हा क्रमांक मिळाला तरी लोकांच्या तोंडी चारसोबीस तो चारसोबीसच राहिला आहे. 'चीट'नंतर रयतेने स्वतः घडवलेला हा दुसरा शब्द म्हणावयास हरकत नाही.

नव्या युगाने जुन्याच दोन परंपरा पुढे चालवल्या आहेत. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकात पत्नीला वेडी ठरवू पाहणारा पती, घरातील गॅसचे दिवे मंदावतात हे तिने डोळ्यांनी पाहिलेले सत्यही भ्रम म्हणून नाकारतो. त्यावरून आलेला 'गॅसलाइटिंग' हा शब्द २०२२ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला, आणि फसलेल्या व्यक्तीची बाजू घेणारा म्हणून तो स्वागतार्ह आहे. उलट 'फिशिंग' या संगणकी लबाडीच्या शब्दाने सावजाला पुन्हा गळाचा मासा केले, आणि ओळख वाढवून गुंतवणुकीच्या मिषाने सर्वस्व हरण करण्याच्या प्रकाराला चिनी भाषेतून आलेले 'डुकराची कत्तल' हे नाव इतके रूढ झाले, की इंटरपोलला डिसेंबर २०२४ मध्ये तो शब्द सोडून देण्याचे आवाहन करावे लागले. अशा नावाच्या लाजेने फसलेले लोक तक्रारीस पुढे येत नाहीत, हे त्या संस्थेने दिलेले कारण होते. आपल्याकडील 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द तर भामट्यांनी स्वतःच घडवलेला आहे. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरून सांगावे लागले. परंतु इंग्रजी शब्दाचा सरकारी रुबाब इतका, की सुशिक्षित माणसेही कॅमेऱ्यासमोर तासन्‌तास कैद्यासारखी बसून राहिली. एस्चीटरच्या काळी सरकारी हुद्दा भामट्याचे काम करी, आता भामटा सरकारी हुद्दा पांघरतो, एवढाच काय तो फरक.

या सर्व शब्दांची परीक्षा करावयाची झाल्यास माझ्या मते चार प्रश्न पुरेत: खरी गोष्ट कोणाला ठाऊक होती, ती केव्हा ठाऊक होती, ती लपवल्याने कोणाचा लाभ झाला, आणि कोणाचे नुकसान झाले. यांची उत्तरे एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर 'काटकसर', 'फुगवटी', 'मिस-सेलिंग' यांपैकी कोणतेही नाव त्या कृत्याला शोभणारे नाही. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की बँकेत, विमाकचेरीत किंवा पोलीस ठाण्यात तक्रार लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर 'माझा गैरसमज झाला' असे लिहू नये. पुराव्याचे कागद जोडावेत, तारखा द्याव्यात, आणि अमुक इसमाने अमुक गोष्ट लपवून मला फसवले, असे कर्त्यासह वाक्य लिहावे. पैसा ऑनलाइन गेला असेल, तर हे वाक्य लिहावयास बसण्याआधी १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.